चौकातला दंड आणि कोर्टाची वाट

2016 पासून मुंबईत पावतीपुस्तकाची जागा ई-चलानने घेतली. अंधेरी असो वा मुलुंड, पोलीस गाडीचा फोटो काढतो आणि दंडाचा संदेश मालकाच्या मोबाइलवर जातो. दारू पिऊन गाडी चालवणारा मात्र चौकात दंड भरून सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली त्याला थेट न्यायालयात उभं राहावं लागतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खारला हेल्मेटविना दुचाकी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला अडवल्यावर झालेल्या हल्ल्यात वाहतूक हवालदार विलास शिंदे यांचा जीव गेला. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा कडक आहे, आणि ती तशीच हवी. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवानाही मिळत नाही.