दुकानाचं वाय-फाय कुणाच्या नावावर आहे?

या आठवड्याच्या व्हिडिओत राउटरची सेटिंग स्क्रीनवर दाखवली आहे. पण प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतोच: "सर, आपलं सायखेड्यातलं छोटं दुकान. आपल्याकडे कोण हॅकर येणार?" म्हणून इथे सेटिंगच्या आधी कारण सांगतो.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. दुकान टाकलं तेव्हा वाय-फायचा पासवर्ड म्हणून मी माझा मोबाइल नंबर ठेवला होता. लक्षात राहायला सोपा! तोच नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि पिशवीवरही छापलेला. एकदा कांद्याच्या लिलावाच्या दिवशी गावात गर्दी, काउंटरवर रांग आणि बिल काही निघेना. राउटर उघडून बघितलं तर १७ मोबाइल जोडलेले. त्यातले ओळखीचे चार. बाकीचे १३ कोणाचे होते आणि ते माझ्या नेटवर काय करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी मला फक्त नेट स्लो झाल्याचा राग आला. खरी भीती वाटली ती पुढची गोष्ट वाचल्यावर.

सानपाड्यात काय झालं होतं?

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, ५० हून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तो कुठून आला याचा माग काढला, तर पत्ता निघाला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे कामानिमित्त आलेला एक अमेरिकन राहत होता. एटीएसने त्याचे कॉम्प्युटर ताब्यात घेतले, त्याची चौकशी झाली. ई-मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याच्या वाय-फायला नीट कुलूप नव्हतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं.

हे तेवढ्यावर थांबलं नाही. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल मुंबईत चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला होता. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा एक व्यवसायच! त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय शोधायला सुरुवात केली.

आपल्या गावात एवढं मोठं काही होणार नाही, असं धरून चालू. पण खोटं प्रोफाइल काढणं, कुणाला घाणेरडे मेसेज टाकणं, ऑनलाइन फसवणूक करणं, यासाठी एक मोबाइल आणि दुसऱ्याचं वाय-फाय पुरतं.

पत्ता तुमचाच का निघतो?

जुना वाडा डोळ्यासमोर आणा. आत दहा बिऱ्हाडं, पण दरवाजा एकच आणि पोस्टाचा पत्ताही एकच. राउटर म्हणजे तो दरवाजा. आत २० मोबाइल असले तरी बाहेरच्या जगाला दिसतो एकच आयपी पत्ता. तो पत्ता त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद नेट देणाऱ्या कंपनीकडे असते. तिथे नाव कुणाचं? ज्याचं आधार कार्ड कनेक्शन घेताना लावलं, त्याचं. म्हणून पासवर्ड वाटणं म्हणजे दुकानाचा रबरी शिक्का काउंटरवर ठेवून जेवायला जाणं.

आता कामाला लागा

१. ॲडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा हा पासवर्ड बऱ्याचदा कंपनीने दिलेलाच राहतो आणि तो मॉडेलच्या नावावरून नेटवर सापडतो. नेट जोडणारा म्हणेल, "राहू द्या, सर्व्हिसला सोपं पडतं." त्याला चहा पाजा, पण पासवर्ड बदला. आत शिरलेला माणूस सेटिंग फिरवून तुम्हाला खोट्या वेबसाइटवर पाठवू शकतो.

२. सुरक्षेचा प्रकार बघा. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. "ओपन" किंवा डब्ल्यूईपी दिसलं तर लगेच बदला. डब्ल्यूईपीचं कुलूप तुटतं हे २००१ मध्येच सिद्ध झालंय.

३. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून नको. डब्ल्यूपीए-२ मध्ये तुमचा मोबाइल राउटरला जोडला जातो, तेव्हाची देवाणघेवाण दुकानाबाहेर उभा असलेला माणूस रेकॉर्ड करू शकतो. मग घरी बसून कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघायचा. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. "फक्त" म्हणतोय, कारण चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर एवढ्या काही तासांत तपासतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. लांबी हीच ताकद. दुकानाचं किंवा मुलांचं नाव टाळा.

४. डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ही सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो, पुढचे वेगळे. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडते. ही खोट २०११ मध्ये उघड झाली, तरी ही सोय अजून कित्येक राउटरमध्ये चालू असते.

५. गिऱ्हाइकांसाठी गेस्ट नेटवर्क. बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर मुख्य नेटवर्कवर. गिऱ्हाईक, पाहुणे आणि कामगारांचे मोबाइल गेस्टवर. त्यालाही पासवर्ड ठेवा आणि महिन्याला बदला. मुख्य पासवर्ड ज्याला माहीत आहे, तो कामगार सोडून गेला तर त्याच दिवशी बदला. यात अविश्वास नाही. दुकानाची चावी आपण परत घेतोच ना?

६. डीव्हीआर विसरू नका. २०१६ मध्ये "मिराई" नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती: कंपनीने दिलेले पासवर्ड लावून बघायचे. बहुतेकांनी ते बदललेच नव्हते.

उगाच घाबरूही नका

कुणी वाय-फाय वापरलं म्हणून लगेच खात्यातले पैसे जात नाहीत. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला त्यांचं स्वतःचं कुलूप असतं. मात्र फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि "गिऱ्हाइकाला वाय-फाय द्यायचंच नाही" असंही माझं म्हणणं नाही. द्या, पण वेगळ्या दरवाजाने.

आज शटर ओढण्याआधी एकच काम करा. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या मोबाइलची यादी असते, ती उघडा आणि मोजा. ओळखीचे किती, अनोळखी किती? अनोळखी एक जरी निघाला, तरी पासवर्ड बदलूनच घरी जा. माझ्या दुकानात बरोबर वीस मिनिटं लागली होती.