कार्डाचं मशीन घेताना

तारकर्लीत दोन-चार खोल्यांचा होमस्टे चालवणारे मशीनच्या भाड्यावरच अडून बसतात. खरा खर्च प्रत्येक बिलामागच्या कमिशनचा. वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल, तर डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेची 0.40 टक्क्यांची मर्यादा आहे. 4,000 रुपयांच्या बिलावर फार तर 16 रुपये. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यांवर 2020 पासून कमिशनच नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. 2 टक्के धरले तरी 80 रुपये गेले, त्या कमिशनवर जीएसटी वेगळा. घासाघीस करायची ती इथे! पैसे खात्यात कधी जमा होणार, तेही लेखी घ्यावं. आणि किनाऱ्यावर रेंजचा काय भरवसा? सिम आणि वाय-फाय, दोन्हींवर चालणारं मशीनच बघावं.