वर्ड तुमची सेटिंग विसरतंय?

पौषात औंधला यमाईची यात्रा. मंडपवाले, लाइटवाले कोटेशनच्या घाईत, आणि वर्ड रोज फॉन्ट-मार्जिन विसरतं! लगेच कुणाला पैसे देऊन वर्ड पुन्हा टाकू नका. आधी बघा, फॉन्ट निवडून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबलंत का? दाबूनही टिकत नसेल तर घोळ ‘नॉर्मल.डीओटीएम’ या फाइलमध्ये. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तळाला ‘फाइल लोकेशन्स’मध्ये यूजर टेम्प्लेट्सचा पत्ता मिळेल. वर्ड पूर्ण बंद करा. फाइलवर ‘रीड ओन्ली’ची टिक असेल तर काढा. तरीही अडलं तर तिचं नाव बदला. वर्ड नवी फाइल स्वतः बनवतं. लेटरहेड मात्र ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून वेगळं सेव्ह करा. जुन्याच कोटेशनवर नवं लिहीत बसलात, तर एका गिऱ्हाइकाचा दर दुसऱ्याला जातो.