रानातला बेथोव्हेन

सिंफनी म्हणजे शंभर वाद्यांचा गलबला, अशी आपली समजूत! पण बेथोव्हेनची सहावी, १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजलेली ‘पास्टोरल’, आम्हां चंद्रपूरकरांना परकी वाटू नये. तिच्यातले वादळ ऐकताना मला मोहर्लीच्या बांबूत शिरणारा वळीवच आठवतो. त्याआधी, ओढ्याकाठी, तीन पाखरे बोलतात: बासरीतून नाइटिंगेल, ओबोतून लावा, क्लॅरिनेटमधून कुकू. (लावा तर आमच्या ताडोब्याच्या गवतातलाही!)

आणि हे लिहिणारा माणूस बहिरा होत चालला होता. शेजारच्याला दूरची बासरी ऐकू येते, आपल्याला येत नाही, जीव नकोसा होतो, असे त्याने १८०२ साली भावांना लिहिले; ते पत्र धाडलेच नाही. सहा वर्षांनी स्वरलिपीत त्या तिन्ही पाखरांची नावे त्याने आपल्या हाताने लिहिली.