सर्वोत्तम संगीतपट कोणता?

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये अमेरिकी संगीतपटांची क्रमवारी जाहीर केली. २५ चित्रपटांच्या या यादीत 'सिंगिन इन द रेन' (१९५२) पहिला आला. त्याच्यामागे अनुक्रमे 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१), 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९), 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) आणि 'कॅबरे' (१९७२) हे चित्रपट होते. चित्रपटशौकिनांमध्ये अशा याद्यांवरून होणारे वाद जुने आहेत. एकाला पहिला वाटणारा चित्रपट दुसऱ्याच्या यादीत दहाव्या जागीही नसतो. यात आवडीनिवडीचा भाग आहेच, पण संगीतपट मोजायचा कशाने, यावरचा मतभेद त्याहून मोठा आहे. कोणी नृत्य पाहतो, कोणी गळा, कोणी चाली, तर कोणी गाण्याने कथेत बजावलेली कामगिरी. माप बदलले की क्रम बदलतो.

पहिला मतभेद संगीतपट कशाला म्हणावे इथेच सुरू होतो. साधारणपणे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात पात्रे व्यवसायानेच गायक किंवा नर्तक असतात आणि गाणी रंगमंचावर, तालमीत किंवा क्लबात होतात. 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट' (१९३३) हा त्याचा नमुना. एक नाटक उभे राहताना पडद्यामागे काय घडते, एवढीच त्याची गोष्ट. दुसऱ्या प्रकारात पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात. रस्त्यात, स्वयंपाकघरात, बागेत, कुठेही. गाणे संपते तेव्हा पात्राने काही ठरवलेले असते, कबूल केलेले असते किंवा गमावलेले असते. 'मीट मी इन सेंट लुइस' (१९४४) या प्रकारातला. तिसऱ्यात साधा संवाद जवळजवळ नसतोच. फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी यांच्या 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर्ग' (१९६४) मध्ये गॅरेजमधले मेकॅनिक कामाच्या गप्पासुद्धा गाऊनच मारतात. संगीत मिशेल लग्रां यांचे. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, मात्र इन्स्टिट्यूटच्या यादीत तो नाही, कारण ती यादी अमेरिकी चित्रपटांपुरतीच होती. अशी कुंपणे ध्यानात न घेता एका यादीची दुसरीशी तुलना केली की अर्धा वाद विनाकारण होतो.

दुसरा निकष नृत्याचा. 'द जॅझ सिंगर' (१९२७) या अंशतः बोलक्या चित्रपटाने आवाजाचे युग आणले आणि दोनच वर्षांनी 'द ब्रॉडवे मेलडी' हा संगीतपट सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा पहिला बोलपट ठरला. त्यानंतर स्टुडिओंनी संगीतपटांचा इतका मारा केला की १९३० च्या सुमारास प्रेक्षक कंटाळले आणि तयार चित्रपटांतून गाणी कापली जाऊ लागली. ही मरगळ 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'ने घालवली. त्याचे नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली कॅमेरा छताशी नेत आणि खाली डझनावारी नर्तिकांच्या फुलांसारख्या उमलणाऱ्या, मिटणाऱ्या आकृत्या रचत. त्यांच्या नृत्यात एकेकट्या नर्तिकेला महत्त्व नाही; सगळी करामत रचनेची, कॅमेऱ्याची आणि संकलनाची. त्याच सुमारास आरकेओ स्टुडिओत फ्रेड अस्टेअर नेमका उलट आग्रह धरत होते. नर्तक डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि मध्ये होता होईल तो तुकडे पडता कामा नयेत, ही त्यांची अट होती. जिंजर रॉजर्स यांच्याबरोबरचे 'टॉप हॅट' (१९३५) आणि 'स्विंग टाइम' (१९३६) याच पद्धतीचे. आजही नृत्य पाहून क्रम लावणाऱ्यांचे असे दोन पक्ष पडतात. 'मुलां रूज' (२००१) किंवा 'शिकागो' (२००२) मधले झरझर बदलणारे तुकडे पहिल्या पक्षाला लय वाटतात. दुसऱ्या पक्षाला ती नर्तकाची उणीव झाकण्याची युक्ती वाटते.

'सिंगिन इन द रेन' बहुतेक याद्यांत वर राहतो, कारण तो या निकषांपैकी कोणत्याही निकषावर फारसा उणा पडत नाही. एमजीएम स्टुडिओत निर्माते आर्थर फ्रीड यांच्या विभागात तो घडला. दिग्दर्शन जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांचे. त्यातली बहुतेक गाणी नवी नव्हतीच. फ्रीड आणि नेसियो हर्ब ब्राउन यांनी मुख्यतः १९२० आणि १९३० च्या दशकांत लिहिलेली गाणी हाती देऊन बेटी कॉम्डन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांना त्यांभोवती पटकथा लिहायला सांगितले गेले. गाणी ज्या काळातली, त्याच काळात त्यांनी गोष्ट नेली: मूकपट संपून बोलपट येतो, आणि सुंदर पण कर्कश आवाजाच्या नटीची पंचाईत होते. मग पडद्यामागून दुसरी मुलगी तिला आवाज देते. प्रत्यक्षात गंमत उलटीच झाली. आवाज देणाऱ्या मुलीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स यांचे काही गाणे बेटी नॉइस यांच्याकडून गाऊन घेतले गेले, आणि ज्या दृश्यात ती मुलगी नटीचे संवाद म्हणते, तिथला आवाज नटीचे काम करणाऱ्या जीन हेगन यांचाच आहे.

या चित्रपटाची कीर्ती हळूहळू वाढली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याला ऑस्करची दोनच नामांकने होती आणि पुरस्कार एकही नाही. आदल्या वर्षीच्या 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस'ने सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर पटकावले होते. त्यातही केलीच होते आणि शेवटी सुमारे १७ मिनिटांचे बॅले होते. आज क्रम उलटला आहे. इन्स्टिट्यूटच्या यादीत 'अमेरिकन इन पॅरिस' नववा आहे, तर 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या २०२२ च्या समीक्षक-कौलात, सर्व प्रकारच्या चित्रपटांमध्ये, 'सिंगिन इन द रेन' दहावा आला. तेव्हा पुरस्कारांची संख्या हा क्रमवारीचा भरवशाचा आधार नाही.

सर्वांत तापणारा वाद आवाजाचा आहे. 'द किंग अँड आय' (१९५६) मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'त नताली वुड आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्न यांची गाणी मुख्यतः मार्नी निक्सन यांनी गायली, पण पडद्यावर त्यांचे नाव आले नाही. 'माय फेअर लेडी'च्या बाबतीत ठिणगी मोठी पडली. ब्रॉडवेवर ही भूमिका गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूज यांना चित्रपटात घेतले नव्हते, आणि त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स'साठी सर्वोत्तम अभिनेत्रीचे ऑस्कर त्यांनाच मिळाले. हेपबर्न यांना नामांकनही नव्हते. याच चित्रपटात रेक्स हॅरिसन यांनी मात्र आपली पदे चित्रीकरण चालू असतानाच म्हटली. त्यांची अर्धी बोलण्याची, अर्धी गाण्याची ढब दर वेळी बदलत असल्याने आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणे त्यांना जमत नव्हते. म्हणून टायमध्ये छोटा बिनतारी मायक्रोफोन लपवला गेला. पुढे टॉम हूपर यांनी 'ले मिझेराब्ल' (२०१२) मध्ये जवळजवळ सगळ्या नटांना सेटवरच गायला लावले. कानातल्या यंत्रातून पियानो ऐकत अ‍ॅन हॅथवे यांनी गायलेले गाणे काहींना अभिनयाचा कळस वाटते, तर चाल नीट ऐकू पाहणाऱ्यांना त्यातले दाटलेले श्वास आणि तुटलेले सूर खटकतात.

भारतीय प्रेक्षकाला या वादाचे नवल वाटते, कारण इथे पार्श्वगायन ही लपवण्याची गोष्ट राहिली नाही. लता मंगेशकर, महंमद रफी, आशा भोसले यांची नावे नटांइतकीच मोठी झाली. फिल्मफेअरने १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान 'मधुमती'तल्या गाण्यासाठी लताबाईंना मिळाला. निक्सन यांना हॉलिवूडने पडद्यावर चेहरा दिला तो 'साउंड ऑफ म्युझिक'मधल्या एका ननच्या छोट्या भूमिकेत.

रंगभूमीवरून आलेल्या चित्रपटांना आणखी एक कसोटी लागते. 'माय फेअर लेडी' मुळात नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वर बेतलेली; पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे ही कथा मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहे. रंगमंचावरचे मान्य संकेत कॅमेऱ्यापुढे खोटे वाटू लागतात, आणि त्यावर प्रत्येक दिग्दर्शकाने आपापली वाट काढली. रॉबर्ट वाइज आणि जेरोम रॉबिन्स यांनी 'वेस्ट साइड स्टोरी'ची सुरुवात न्यू यॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर नाचवून केली. 'साउंड ऑफ म्युझिक' वाइज यांनी साल्झबर्गच्या डोंगरांत नेला. बॉब फॉसी यांनी 'कॅबरे'त उलट केले: नाटकातली बरीच गाणी काढून टाकली आणि एक सोडून सर्व गाणी बर्लिनमधल्या क्लबाच्या मंचावर ठेवली. बाहेर नाझी बळ वाढत असताना आतली गाणी त्यावर भाष्य करत राहतात. लोक रस्त्यात एकाएकी का गाऊ लागतात, असे विचारणाऱ्या प्रेक्षकालाही हा संगीतपट पटतो. 'शिकागो'त रॉब मार्शल यांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यातली बहुतेक गाणी नायिकेच्या कल्पनेत घडतात.

लोकप्रियता आणि दर्जा यांचे भांडण 'साउंड ऑफ म्युझिक'वरून सर्वाधिक झाले. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, सर्वोत्तम चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली, पण पॉलिन केल यांच्यासारख्या समीक्षकांनी त्याच्या गोडव्यावर कडाडून टीका केली. इतिहासाशी त्याने घेतलेली मोकळीकही चर्चेत असते. चित्रपटातले कुटुंब डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडकडे जाते. खरे फॉन ट्राप कुटुंब आगगाडीने इटलीला गेले होते. त्याच्या यशाने भुलून स्टुडिओंनी 'डॉक्टर डूलिटल' (१९६७), 'स्टार!' (१९६८), 'हॅलो, डॉली!' (१९६९) असे अवाढव्य खर्चाचे चित्रपट काढले आणि त्यांत मोठा तोटा सोसला. 'ऑलिव्हर!' (१९६८) नंतर सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर पुन्हा संगीतपटाकडे यायला 'शिकागो'ची वाट पाहावी लागली. मधल्या काळात हा प्रकार मुख्यतः अ‍ॅनिमेशनने जगवला. हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकेन यांच्या गाण्यांचा 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) सर्वोत्तम चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोचलेला पहिला अ‍ॅनिमेशनपट होता. तरीही माणसे न नाचणाऱ्या चित्रपटाला 'टॉप हॅट'शेजारी बसवावे का, यावर एकमत नाही.

भारतीय चित्रपटांना हे माप लावताना अडचण वेगळीच येते. 'इंद्रसभा' (१९३२) मध्ये सत्तरच्या आसपास गाणी होती. त्याच वर्षीच्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त नायक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे होते, म्हणजे संगीत नाटकाचा वारसा थेट बोलपटात आला. गाणी असणे एवढीच अट ठेवली, तर इथले बहुतेक चित्रपट संगीतपट ठरतात. हॉलिवूडच्या कथाही इथे सहज रुजल्या: 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४) वरून 'सत्ते पे सत्ता' (१९८२) झाला, आणि गुलजार यांच्या 'परिचय' (१९७२) वर 'साउंड ऑफ म्युझिक'ची छाया दिसते. उलट दिशेने 'मुलां रूज'मध्ये 'चायना गेट'मधल्या 'छम्मा छम्मा'चा तुकडा वापरला गेला. भारतीय यादी करायची तर गाणे काढले असता कथा उभी राहते का, हा प्रश्न उपयोगी पडतो. 'बैजू बावरा' (१९५२), 'अभिमान' (१९७३) किंवा मराठीतला 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) गाण्यांवाचून उभे राहणार नाहीत. 'कट्यार'मध्ये दोन गायकींची स्पर्धा हेच कथानक आहे. तिथे हारजीत सुरांवर ठरते. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक, जितेंद्र अभिषेकी यांच्या चाली आणि चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी केलेले नवे संगीत यांची तुलना मराठी रसिक आजही करतात.

काळही क्रम बदलतो. 'द जॅझ सिंगर'मध्ये अल जोल्सन आणि 'स्विंग टाइम'मधल्या एका नृत्यात अस्टेअर तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात. आजच्या प्रेक्षकाला ते बोचते. १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त पोर्तोरिकन नायिका गोऱ्या नटीने साकारली होती. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०२१ च्या आवृत्तीत पोर्तोरिकन भूमिका लॅटिन वंशाच्या कलाकारांना मिळाल्या. या कथेतल्या अनिताच्या एकाच भूमिकेसाठी आधी रिटा मोरेनो आणि साठ वर्षांनी अरियाना डिबोस यांना ऑस्कर मिळाले. दोन्हींपैकी सरस कोणता, या प्रश्नात रॉबिन्स यांचे नृत्य एका बाजूला आणि पात्रांची विश्वसनीयता दुसऱ्या बाजूला येते.

नव्या चित्रपटांची जागा त्यामुळेच लवकर ठरत नाही. 'ला ला लँड' (२०१६) ला १४ नामांकने आणि सहा ऑस्कर मिळाली. देमी आणि एमजीएम यांची परंपरा त्याने पुढे नेली, असे त्याचे चाहते म्हणतात. नायक-नायिका ना कसलेले गायक ना नर्तक, असे टीकाकार म्हणतात. 'विकेड' (२०२४) मध्ये सिंथिया एरिव्हो आणि अरियाना ग्रांदे यांनी बरेचसे गाणे सेटवरच गायले. ते गळ्याने क्रम लावणाऱ्यांना भावले; नृत्य आणि दृश्यरचना पाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. म्हणून कोणतीही क्रमवारी वाचताना तीन गोष्टी आधी पाहाव्यात: ती कोणत्या देशाच्या आणि काळाच्या चित्रपटांपुरती आहे, तिने संगीतपट कशाला म्हटले आहे, आणि नृत्य, आवाज, चाली, कथा यांपैकी कशाला झुकते माप दिले आहे. एवढे कळले की दोन याद्यांमधला बराचसा विरोध मावळतो, आणि उरतो तो खरा आवडीचा प्रश्न.