चेहऱ्याला माप कोणाचे?

"डॉक्टरसाहेब, हिचे दात आत करून द्या जी. शाळेतली पोरं चिडवतात." अहेरीकडून एस.टी.ने चंद्रपूरला आलेल्या त्या माऊलीने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला माझ्यासमोर बसवले. मुलीने तोंडावरची ओढणी काही केल्या काढली नाही.

वाचकहो, अशा वेळी आम्ही डोक्याचा बाजूने क्ष-किरण फोटो घेतो. त्यावर रेषा आखून कोन मोजतो आणि ते कोष्टकातील आकड्यांशी ताडून पाहतो. कोष्टकाप्रमाणे या मुलीचे दात बरेच पुढे होते. म्हणजे सुळ्यांमागच्या चार छोट्या दाढा काढा आणि तारा लावून पुढचे दात मागे ओढा!

पण हे कोष्टक आले कुठून? फोटोची ही पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी व जर्मनीत होफ्राथ यांनी मांडली. १९४८ साली डाउन्स यांनी प्रसिद्ध केलेली मापे अवघ्या २० गोऱ्या मुलामुलींची होती. भारतीयांवरील अनेक अभ्यासांत मात्र पुढचे दात व ओठ गोऱ्यांपेक्षा थोडे पुढे आढळले आहेत. ते आपले व्यंग नव्हे, आपली ठेवण आहे. परक्या मापाने दात मागे ओढले, तर ओठ आत जाऊन चेहरा अकाली म्हातारा दिसू शकतो. आणि काढलेली दाढ परत येत नाही.

माझ्या दवाखान्याच्या बाकावर माडिया, गोंड, कुणबी, तेलुगू, बंगाली अशी सारी मुले शेजारी शेजारी बसतात. एकाच घरातल्या दोन भावंडांचे चेहरेही सारखे नसतात. म्हणून कोष्टक हा आधार आहे, हुकूम नव्हे.

मुलगा-मुलगी हा फरकही लक्षात घ्यावा. पुरुषांचे जबडे आकाराने मोठे असतात, कोनांत मात्र फारसा फरक नसतो. महत्त्वाचा फरक वेळेचा. मुलींची वाढ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी जोर धरते. जबड्याच्या वाढीला वळण द्यायचे असेल, तर मुलीला लवकर दाखवावे. 'लग्नाच्या वेळी पाहू' म्हणणाऱ्यांची ही संधी हुकते.

मापांवरून माणसांची उच्चनीचता ठरवण्याचे प्रयत्नही जगात झाले. आपल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये शिकत असताना कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची कल्पना होती. तसा संबंध आढळला नाही, तेव्हा त्यांनी तसे स्पष्ट लिहिले.

त्या मुलीचे ओठ सहज मिटत होते, चावणे ठीक होते. मी एकही दाढ काढली नाही. किंचित दाटी होती, तेवढीच सरळ करायचे ठरले. मात्र ओठ मिटत नसतील, खालचे दात टाळूला लागत असतील किंवा पुढे आलेल्या दातांना पडल्यावर मार बसण्याची भीती असेल, तर उपचार जरूर घ्यावा. दाढा काढणेही कधी कधी योग्यच असते. पण त्याआधी डॉक्टरांना निःसंकोच विचारा : माझ्या मुलीला हे माप कोणाचे लावता?