बुद्धगयेला मोटरसायकलवर : अंगावर काय घालाल, बॅगेत काय न्याल?

विहारातल्या सतरंजीवर आठ जणांचे सामान मांडलेले होते. सोळा जीन्स, पांढरे सदरे, दोन स्पीकर, चार पंचशील ध्वज, मोबाईल अडकवायचे स्टँड, गॉगल. एका चिरंजीवांनी तर इस्त्रीसुद्धा आणली होती. हेल्मेट मात्र तीनच, आणि त्यातले एक अर्ध्या डोक्याचे, टोपलीसारखे. हातमोजे नाहीत. रेनकोट एकही नाही. विचारले तर उत्तर तयार, "काका, डिसेंबरात कुठला आलाय पाऊस?"

सांगलीतल्या आमच्या वस्तीतले हे आठ तरुण चार मोटरसायकलींवरून डिसेंबरअखेर बुद्धगयेला निघायचे होते. "सामान एकदा नजरेखालून घाला" म्हणून त्यांनी मला बोलावले. मी काही नाणावलेला प्रवासी नव्हे. कचेरीत कारकुनी करणारा आणि सुट्टीच्या दिवशी समाजाची कामे पाहणारा माणूस. पण १२५ सीसीच्या गाडीवर पत्नीला मागे बसवून मी सांगली ते नागपूर असा प्रवास एकदा केला आहे आणि त्यातल्या चुकांचा हिशोब माझ्यापाशी शिल्लक आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला नुकसानीचे खाते विसरता येत नाही. आपल्या अनेक घरांतील मुले हल्ली असे लांबचे बेत करतात, म्हणून तो हिशोब वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो.

खरे तर सातारा-सांगलीच्या माणसाला हवामानाचे निराळे धडे नकोत. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात किंवा आपल्या जत-आटपाडीकडे कसाबसा पाचशेच्या आसपास. जुलैत सकाळी महाबळेश्वराहून निघालेला माणूस दुपारी म्हसवडला पोचतो तेव्हा ओल्या कपड्यांवर धूळ बसते. थंडीत वेण्णा तलावाकाठी दव गोठते आणि दुपारी वाईत उतरले की स्वेटर काढावा लागतो. एका जिल्ह्यात जर ही तऱ्हा, तर सतराशे-अठराशे किलोमीटरच्या वाटेवर काय होईल?

ती वाट अशी. सांगलीहून सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूर. समृद्धी महामार्गाचे नाव कुणी काढील, पण तिथे दुचाकीला बंदी आहे आणि आपल्याला तो वाटेवरही नाही. नागपूरपुढे पेंचच्या जंगलातून सिवनी, मग जबलपूर, कटनी, रीवा, मिर्झापूर, वाराणसी. तिथे सारनाथ पाहून सासाराममार्गे डोभीपर्यंत आणि मग बुद्धगया. डिसेंबरात सोलापूर-लातूरकडे दुपारी ऊन लागते, सिवनीच्या जंगलात पहाटे हात आखडतात, आणि गंगेच्या मैदानात असे धुके की समोरचा ट्रक दिसत नाही. विदर्भ-मध्य प्रदेशात ऐन थंडीत मावठाही बरसून जातो. म्हणजे डिसेंबरातला पाऊस कुठला, तर तो तिथला.

आता माझी फजिती ऐका. २०२२ च्या ऑक्टोबरात अशोक विजयादशमीसाठी आम्ही दोघे दीक्षाभूमीला निघालो. लातूरपर्यंत अंग भाजून निघाले. दुसऱ्या दिवशी उमरखेड सोडले आणि आभाळ एकदम काळे होऊन आले. रेनकोट होते, दोन होते, पण बॅगेच्या तळाशी. रस्त्याकडेला भर पावसात मी बॅग उपसली. सर्वांत वर निघाले ते माझे दाढीचे सामान. रेनकोट हाती येईपर्यंत आम्ही दोघे आणि बॅगेतले सगळे कपडे चिंब. अंगात जीन्स, ओली जीन्स वाऱ्यावर कशी लागते ते ज्याला लागले त्यालाच ठाऊक. यवतमाळला पोचलो तेव्हा पत्नीचे दात वाजत होते.

त्याहून वाईट पुढेच होते. तिची नायलॉनची पिशवी मी बाजूला लटकवली होती. ती सरकत सरकत सायलेन्सरला टेकली आणि वितळली. आतली पांढरी साडी, दीक्षाभूमीसाठी म्हणून सहा महिने बाजूला ठेवलेली, पदरापासून अर्ध्यापर्यंत जळून गेली. ती काही बोलली नाही. यवतमाळला ज्यांच्याकडे उतरलो त्या ताईंनी आपली पांढरी साडी दिली, ती नेसून ती दीक्षाभूमीवर गेली. परत आल्यावर मात्र आठवडाभराने भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं दाढीचं सामान तेवढं वाचलं बघा."

म्हणून पहिली गोष्ट ही की बॅग भरताना गरजेचा क्रम उलटा लावायचा. जे सर्वांत आधी लागेल ते सर्वांत शेवटी भरायचे. रेनकोट तर बॅगेत नकोच. बॅगेवर, वेगळ्या पिशवीत, गाडीवरून न उतरता हात पोचेल असा. आतले कपडे खताच्या किंवा पशुखाद्याच्या पोत्याला आतून प्लास्टिकची जाड पिशवी असते तीत घालावेत. ती स्वच्छ धुऊन घ्यावी, तोंड पिळून, दुमडून, दोरीने बांधावे. बाजारातल्या महागड्या वॉटरप्रूफ बॅगेचे काम ती करते. जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ, हलकी वर. बांधायला पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या नायलॉनच्या दोरीपेक्षा बऱ्या, त्या ढिल्या पडत नाहीत. मोकळे टोक एकही लोंबता कामा नये. ते चाकात गेले तर पट्टीबरोबर माणूसही जातो. आणि निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबून सगळे हलवून पाहावे, सायलेन्सरच्या बाजूला तर दोनदा.

हेल्मेटविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. माझे मेहुणे, पत्नीचे थोरले भाऊ, २०१४ साली सांगलीहून मिरजेला औषध आणायला निघाले. हेल्मेट होते, चांगल्या प्रतीचे होते. पण ते लांबच्या प्रवासाचे म्हणून पिशवीत घालून कपाटावर ठेवलेले. कुत्रे आडवे आले, गाडीचा वेग फार नव्हता, ते मागच्या बाजूला पडले आणि डोके दुभाजकावर आपटले. तिसऱ्या दिवशी गेले. हातापायाला खरचटलेलेसुद्धा नव्हते. ते हेल्मेट सासूबाईंच्या कपाटावर अजून तसेच आहे. कुणी काढत नाही, कुणी वापरतही नाही.

एवढे सांगितले तेव्हा विहारात कुणी काही बोलले नाही. मग मी विचारले, एका चांगल्या जीन्सच्या किमतीत आयएसआय शिक्क्याचे साधे हेल्मेट येते, तर सोळा जीन्स आणि तीन हेल्मेट हा कोणता जमाखर्च? मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकणेच बेकायदा ठरले, तरी रस्त्याकडेला ती टोपली मिळतेच. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. पडल्यावर तो चेपतो आणि मार खातो, म्हणून डोके वाचते. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही; जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी टाकून द्यावे, धाकट्या भावाला देऊ नये. पट्टा हनुवटीखाली लावलाच पाहिजे, दोन बोटे जेमतेम जातील इतका. काच पारदर्शक घ्यावी. काळ्या काचेने रात्री आणि धुक्यात आंधळे व्हायला होते.

थंडीचे एक गणित आहे. पारा १० अंशांवर असेल आणि गाडी ताशी ६० ने जात असेल, तर उघड्या कातडीला ती हवा ५ अंशांसारखी लागते. म्हणजे थंडीपेक्षा वारा अडवणे मोठे. एक जाडजूड जर्किन घेण्यापेक्षा थरावर थर घालावेत. आत बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा न शिरणारे काहीही. विंडचीटर नसेल तर रेनकोटच घालावा; पहाटेच्या थंडीला तो उत्तम. ऊन चढले की एकेक थर काढत जायचे. स्वेटरखाली छातीवर वर्तमानपत्र पसरून घालण्याची जुनी ट्रक ड्रायव्हरांची युक्ती मी स्वतः करून पाहिली आहे, आणि ती लाजण्यासारखी नाही. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंग गार करतो. लोकर भिजली तरी थोडी ऊब देते. आपल्या माण-आटपाडीकडचा मेंढपाळ पावसात घोंगडी डोक्यावर घेतो ते याच अनुभवाने. मात्र घोंगडी रात्री पांघरायला न्यावी, गाडीवर अंगाभोवती गुंडाळू नये.

रेनकोट म्हणजे कोट आणि पॅन्ट असा दोन तुकड्यांचा. डोक्यातून घालायची झूल वाऱ्याने फुगते आणि तिचे टोक चाकाकडे ओढले जाते.

पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे उन्हातही काढू नयेत. थंडीला चामड्याचे, आणि पाऊस आला तर त्यावर धुणीभांड्याचे रबरी. दिसायला हसू येते, बोटे मात्र ब्रेकवर चालतात. पायांसाठी नवे बूट घेण्याआधी घरात पाहा. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत जाणाऱ्याच्या घरी घोट्यापर्यंतचे सेफ्टी शूज असतातच. नाडीची टोके आत खोचावीत, नाहीतर ती गिअरच्या पायंडीला अडकतात. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत पुष्कळ पाणी ओढून घेतात. चप्पल घालून निघणाऱ्याला मी सरळ परत पाठवीन.

भगिनींसाठी वेगळे सांगतो. लांबच्या वाटेवर साडी नको, ओढणीही नको. सलवार किंवा पॅन्ट, त्यावर बंद गळ्याचा जाडसर कोट. साडी नेसूनच बसायचे असेल तर गाडीचे साडीगार्ड जागेवर आहे का ते आधी पाहा. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी ती जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १२३ व्या नियमात सांगितलेली आहे. पोरे दिसायला बरे म्हणून ती काढून टाकतात, आणि मग आईला मागे बसवून बाजारात नेतात! पांढरी साडी घडी करून मघाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि मुक्कामी पोचून नेसावी. हे मी अनुभवाने सांगतो.

पाण्याच्या दोन बाटल्या हाताशी ठेवा. थंडीत तहान कळत नाही, पण वारा अंगातले पाणी ओढतोच. इथे साताऱ्यातलाच एक प्रवास आठवल्यावाचून राहत नाही. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघाले. पाडळीला गाडीत बसून मसूरला उतरले. प्रवासासाठी नवे सदरे, भरजरी टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे, सगळी तयारी झालेली. खाण्याची टोपली बरोबर. पण जात कळताच बैलगाडी दुप्पट भाड्याशिवाय मिळेना, आणि वाटेत कुणी पाणी देईना. पाण्यावाचून टोपलीतले अन्नही तसेच राहिले. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आज आमच्या पोरांना कुठल्याही ढाब्यावर पाणी मिळेल. तरी मी गाडीला पाणी बांधल्याखेरीज गावाबाहेर पडत नाही.

बाकीचे थोडक्यात. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक वायर, प्लग, पाने, पंक्चरचे सामान चार गाड्यांत मिळून एकदाच पुरे. कागदपत्रे प्लास्टिकमध्ये, मोबाईलवर असली तरी. प्रत्येकाच्या खिशात घरचा फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद.

धुक्याबद्दल मात्र मी पोरांकडून कबूल करून घेतले. वाराणसीपुढे ऊन पडून रस्ता दिसेपर्यंत गाडी काढायची नाही, मग दहा वाजोत की अकरा. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून साबणाचे बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसायचे. आणि रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात ती चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आठही जणांनी घालायची, मागच्याने तर नक्कीच. "फोटोत बरं दिसणार नाही काका," एक जण म्हणाला. त्याला त्याच्या मित्रांनीच गप्प केले.

सतरंजीवरून सामान उचलले गेले. इस्त्री परत गेली. सोळा जीन्सच्या चार झाल्या, त्याही मुक्कामात घालायला. स्पीकरवरून बराच वाद झाला आणि एक राहिला. ध्वज काठीवरून उतरवून घडी केले. आणखी सहा हेल्मेट घ्यायची ठरली; एकाच्या आईने भिशीचे पैसे पुढे केले, आणि ती टोपली मी घरी आणली, आता तिच्यात पत्नी कांदे ठेवते.

निघायच्या आदल्या रात्री त्यांतला सर्वांत धाकटा दारात आला. रेनकोट घ्यायला पैसे उरले नव्हते. मी नागपूरचाच माझा काढून दिला. त्याची चेन मध्येच अडते, मेण नसेल तर कोरडा साबण घास म्हणून सांगितले. पत्नीने आतून येऊन तो त्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि म्हणाली, "बॅगेत वरती ठेव रं बाबा."